हातातला भुंगा

...नाई नाई, तो नका घेऊ – तो माठ आताच भरला, गरम आहे अजून. ह्या कोपऱ्यातला घ्या, लाल फडक्यावाला. प्या, पोटभर प्या. अजून एक गिलास? घ्या ना बाप्पा, ही पाणपोई आहे, देवळीच्या बसस्टँडवर सावली अन् पाणी ह्या दोनच गोष्टी फुकट आहेत. झालं? पेलं? जीव थंड झाला? आता सांगतो – त्या माठात सकाळी बेडूक निघालता. पिवळा, एवढाल्ला. ...आता असं तोंड नका करू भाऊ, मजाक केली. बेडूक कुठून येते ह्या उन्हात, बेडकाले अक्कल आहे, तो जमिनीत जाऊन झोपला. उन्हात फिरते ते तुमी अन् मी. बसा. वर्ध्याची गाडी आताच गेली, तुमी पाणी पेत होते तवा. दुसरी येईन अर्ध्या-पाऊण घंट्यानं, यवतमाळहून येते, येता येता तिचा बी जीव अर्धा होते. बसा ह्या पेटीवर. माह्यं नाव तानबा. दौलतराव शेठ दर उन्हाळ्यात त्याच्या बापाच्या नावानं ही पाणपोई लावते अन् पाण्यावर मले बसवते – कापसाचा व्यापारी आहे, बाप होता तवा त्याले कधी चहा नाई पाजला, आता मेल्यावर साऱ्या गावाले पाणी पाजून राह्यला. मी त्याच्या तोंडावर म्हणतो हे. तो हासते. ह्या गावात माह्या बोलण्याचा राग कोणी धरत नाई, कारण माह्यं बोलणं खरं आहे असं कोणी मानतच नाई – हा लय मोठा फायदा असते, भाऊ. तोटा बी असन, पण अजून काई दिसला नाई.

तुमची गाडी गॅरेजात लागली असन – हाताले ऑइल आहे ना, त्याच्यावरून म्हटलं. ट्रक? हाव, मंग बरोबर. अ‍ॅक्सल गेला? मंग आता दोन दिवस तरी सुटका नाई, इथला मिस्त्री आधी चहा पेते, मंग गाडीकडं पाह्यते, मंग परत चहा पेते. तुमी घरी चालले ते बरं केलं. अन् तो हात इकडं द्या जरा. द्या ना, ऑइल लागलं तं लागलं. माह्या ह्या डाव्या हाताच्या मनगटावर बोटं ठेवा. ठेवली? काय लागते? ...पाह्यलं, कसा हात मागं घेतला. भुणभुण होते ना? भुंगा आहे तो. लहानपणी काळा भुंगा गिळला होता, तो हातात जाऊन बसला. इथल्या पोट्ट्यांयले मी हेच सांगतो, ते कान लावून ऐकते अन् पळत सुटते, एक पोट्टी तं रोज येते, भुंग्याले साखर आणते. मी खाऊन टाकतो. ...नाई, भुंगा नाई. सुई टोचाले शीर मोठी लागते ना, म्हणून डाक्टरनं कापून एक शीर दुसरीले जोडून देली, त्यातून रक्त जोरात पळते, त्याचा आवाज आहे तो. मशिनीसाठी. गुर्द्याची मशीन, किडनीची म्हणते ती, ऐकलं असन तुमी. माह्ये दोन्ही गुर्दे गेले.

गेले म्हणजे जागेवरच आहेत, फक्त काम सोडलं. सरकारी माणसासारखं. खुर्चीवर बसून आहेत, पगार खाते, काम नाई. ...तुमी हासा, हासाले काई हरकत नाई, मी बी हासतो. दुखत काईच नव्हतं हो. डोकं दुखे, मी बाम चोळो. बीपी होती म्हणते, किती वर्षं होती कोण जाणे, मले वाटे उन्हानं होते – इथं सारंच उन्हानं होते ना, पीक जाते तं उन्हानं, डोकं दुखते तं उन्हानं, बायको चिडते तं उन्हानं. मंग एक दिवस पाय सुजले, चप्पल चढेना. बुढी म्हणे, सासुरवाडीले जाच्या आधी तुमचे पाय असेच जड होत. बुढी म्हणजे प्रमिला, माह्यी बायको. ती बी मस्करी शिकली, माह्यासंग राहून. अन् वर्ध्याच्या दवाखान्यात डाक्टरनं रक्त पाह्यलं अन् मस्करी बंद.

गुर्दा काय करते, ठाऊक आहे तुमाले? मले बी नव्हतं. मी म्हणो, लघवी करते, झालं. चौथीपर्यंत शिकलो मी, चौथीत गुर्दा नव्हता. तिथला एक पोरगा डाक्टर आहे, मिशी बी धड नाई आली, पण समजावते लय मस्त. त्यानं कागदावर दोन घेवड्याच्या बिया काढल्या. मी म्हटलं, डाक्टरसायेब, एवढ्याशा दोन बियांवर अख्खा माणूस चालते का? तो म्हणे, काका, मुठीएवढे आहेत, पाठीकडून, फासळीच्या खाली. मले वाटलं का गाळणी असन – चहाची गाळणी असते तशी, रक्त वरून ओतलं, पत्ती वर राह्यली, चहा खाली. तो म्हणे नाई, तसं नाई. चहाच्या गाळणीत पत्ती मोठी असते म्हणून अडकते. रक्तातली घाण लय बारीक असते. साखरेएवढीच बारीक, मिठाएवढीच बारीक, अडकणार कशी? मंग गुर्दा काय करते – ऐका, हे मजेचं आहे, मी हे कितीक लोकायले सांगतलं. दिवाळीले आपण घर साफ करतो ना? कशी करतो? घाण वेचत बसतो का कोपऱ्याकोपऱ्यातून? नाई. सारं सामान आंगणात काढतो. डबे, गोधड्या, बुट्ट्या, फोटो, सारं. पलंग अन् कोठी तेवढी दारातून निघत नाई, ती आत राह्यते – तसं रक्तातलं लाल अन् जे मोठं मोठं आहे ते आतच राह्यते. बाकी सारं बाहेर. मंग बाई दारात उभी राह्यते अन् एक-एक आत घेते – हे आपलं, हे आपलं, हे बी ठेवा, हे लागन. पाणी घेते, साखर घेते, मीठ लागन तेवढं घेते. अन् शेवटी आंगणात जे राह्यलं, जे कोणीच आत नाई नेलं, ते घाण. ते फेकून द्या. असं चोवीस घंटे चालू असते भाऊ, दर वक्ताले दिवाळी. लाखोनं गाळण्या आहेत म्हणे एकेका गुर्द्यात, प्रत्येक गाळणीच्या दारात एक बाई उभी. दिवसभरात इतकं पाणी बाहेर काढते अन् परत आत नेते का हे सारे माठ भरून रस्त्यानं लोंढा जाईन – अन् फेकते किती? तांब्या-दीड तांब्या. बाकी सारं परत घरात. मी त्या पोराले म्हटलं, मंग हे तं येडेपण झालं, एवढं सारं कशाले काढाचं? तो म्हणे, काका, घाण रोज नवी असते, तिले ओळखता येत नाई. आपलं काय ते ओळखता येते.

लय बरं वाटलं मले ते. रातभर मी तेच... जाऊ द्या. उन्ह पाहा कसं पांढरं पडलं.

आता माह्यं काय झालं – त्या बाया गेल्या. एक-एक करून साऱ्या. दार लागलं. घाण घरातच साचून राह्यली, अन् एकदा गेली ना ती गाळणी का गेली, नवी उगवत नाई. केस उगवते, नख उगवते, गुर्दा उगवत नाई. मशीन म्हणजे काय, भाड्यानं आणलेला गडी. हातातून रक्त काढते, बाहेर काचेच्या नळीत केसासारख्या बारीक नळ्या आहेत त्याच्यातून फिरवते, बाहेरून पाणी खेळते, घाण त्या पाण्यात जाते, रक्त परत हातात. चार घंटे. पण गडी तो गडी. त्याले काय ठाऊक घरातलं कोणतं सामान कामाचं, कोणतं नाई. तो झाडून देते अन् जाते, दुसऱ्या दिवशी परत तेवढाच केर. अन् मीठ नाई, केळं नाई, वरणाचं पाणी नाई, अन् पाणी – पाणी मोजून. गिलास-दीड गिलास, चोवीस घंट्यात. हाव, ह्याच उन्हाळ्यात. अन् बसतो मी पाणपोईवर. डाक्टर म्हणे, काका तुमाले काई दुसरं काम नाई सापडलं? मी म्हटलं, सायेब, दारूड्याले गुत्त्यावर बसवाले पाह्यजे, तवा त्याची परीक्षा होते. सारी दुनिया समोर गटागटा पेते अन् मी वाटतो. लोक पेताना त्यायच्या नरड्याकडं पाह्यतो मी. तुमच्या बी पाह्यलं. तुमी लय मस्त पेता, आवाज करून.

का? सोडून काऊन नाई देत हे? घरात बसलो तं बुढी पाणी देते ना. तिले वाटते मी बरा झालो. ...तसं सांगतलं मी.

कशाले म्हणजे. आता तुमी ट्रकवाले, आज इथं उद्या रायपूर, तुमाले सांगाले काय जाते. मले एक पोरगी आहे, रक्षा. एकच. तिचं जुळलं. रक्त जुळलं, बाकी सारं काय काय पाह्यते ते बी जुळलं, तपासणीवाले बी म्हणे लय चांगलं जुळलं. माणसाले गुर्दे दोन असते, एकावर ती जगन, दुसरा बापाले लावाचा. नागपूरची तारीख बी काढली. मले कोणी विचारलं नाई – विचारलं, मी नाई म्हटलं, ते हासले. मी नाई म्हटलं ते बी साऱ्यायले मस्करी वाटली, पाह्यलं का? जावई आदेश देवमाणूस, तोच म्हणे, बाबा, घेऊन टाका, आमी सारे आहोत. तिचं लेकरू अजून कडेवर आहे. दिवसभर भट्टीजवळ उभी राह्यते ती – त्यायचा धाबा आहे ना, हायवेवर, तिकडं कारंज्याकडं, आदेशचा धाबा म्हणते. ...काय झालं? ठसका लागला? हळू प्या ना, माठ काई पळून नाई जात.

तं मी त्या मिशी न आलेल्या पोराले विचारलं, का बाबू, तिचा गुर्दा माह्या पोटात किती दिवस चालन? तो खोटं नाई बोलत, हीच त्याच्यात खोट आहे. म्हणे, चालला तं लय वर्षं चालते. नाई चालला तं नाई चालत. तुमच्या वयात, ह्या बीपीत, काई सांगता येत नाई. अन् म्हणे, जन्मभर गोळ्या खाव्या लागन, कारण आंग त्याले बाहेरचा समजते अन् मारून टाकाले पाह्यते. मी म्हटलं, माह्यी पोरगी अन् माह्याच आंगाले बाहेरची? तो म्हणे, आंगाले पोरगी-बिरगी समजत नाई काका. पाहा ना, एवढं मोठं शहाणं आंग, दिवसभर आपलं-परकं निवडत बसते, अन् त्याले रक्षा ओळखू येत नाई. म्हणजे तिचं पोट फाडाचं, तिचा एक काढाचा, माह्यात घालाचा, अन् माह्यं आंग त्याले खाणार. अन् उद्या तिले काई झालं, तिचा उरलेला एक गेला – बीपी आमच्या खानदानात आहेच – तं तिले कोण देणार? तिचा बाप? त्याच्याजवळ काय आहे, एक भुंगा.

मंग मी माह्या जिंदगीतली सगळ्यात मोठी मजाक केली, भाऊ. अक्षय तृतीयेले सारे घरी आलते, पुरणपोळी होती. मी आंगणात गेलो अन् परत येऊन म्हटलं, प्रमिले, लघवी झाली, भरपूर झाली. साऱ्यायले सांगतलं का नागपूरचा मोठा डाक्टर आला होता, त्यानं गोळी बदलली, गुर्दे परत सुरू झाले, आता मशीन बी नाई, आपरेशन बी नाई. आजपर्यंत मी खरं सांगतलं तवा कोणी मानलं नाई. अन् हे मानलं. हे कोणी तपासाले बी नाई गेलं. बुढीनं देवाजवळ दिवा लावला. आदेशनं माह्ये पाय धरले. रक्षा रडली अन् हासली अन् तिनं मले तांब्याभर पाणी दिलं – प्या म्हणे बाबा, आता प्या. मी तांब्या तोंडाले लावला, ओठ ओले केले, अन् कोणी तरी हाक मारली असं करून आंगणात गेलो अन् जास्वंदीच्या बुडाशी ओतला. तवापासून रोज बुढी पाणी देते, रोज जास्वंद पेते. आमच्या गल्लीत ह्या उन्हात कोणाची जास्वंद तशी फुलली नाई. लोक फुलं मागाले येते.

मशिनीवर? नाई जात. जाऊ कसा? बरा झालेला माणूस मशिनीवर जाते का? देवळीतून वर्धा कितीक दूर, एक माणूस पाह्यन अन् दुसऱ्याले सांगन. आधी हप्त्यातून दोनदा चोरून जात होतो, बुढीले सांगो शेठचं काम आहे. मंग ते बी... आज होती ना पाळी. ही जी गेली ना गाडी, तुमी पाणी पेत होते तवा – त्याच गाडीनं जाचं होतं. मागची पाळी बी सोडली. त्याच्या मागची बी. हा पाय पाहा – इथं नडगीवर बोट दाबा. दाबा. काढा. पाह्यला खड्डा? तसाच राह्यते. पीठ मळल्यावर राह्यते तसा. हे पाणीच आहे सारं, न पेता साचलेलं. मी पेत नाई तरी येते. आडवं पडलं का छातीत चढते, म्हणून बसूनच झोपतो, बुढीले सांगतो गरम होते. तोंडाले वास येते म्हणून लवंग चघळतो. किती दिवस म्हणता? ते मी नाई विचारलं. त्या पोराले विचारलं असतं तं त्यानं सांगतलं असतं, म्हणूनच नाई विचारलं. मनात येते कधी कधी – ते आंगण. सारं सामान परत आत गेलं. दार लागलं. अन् मी आपला आंगणात... चांगली सावली आहे म्हणा इथं. चला. तुमी काऊन उठले? बसा. मजेची गोष्ट सांगून राह्यलो मी. तुमचं सांगा. घर कुठं तुमचं?

कुठं?

कारंजा. ...कारंजे दोन आहेत, वाशीमकडचं ना? लाडाचं? ...घाडग्याचं. हायवेवरचं.

मंग तुमी आदेशचा धाबा... हाव. तुमी तिथंच जेवता. रोज? येता-जाता. मंग तुमी तिले पाह्यलं असन. गल्ल्यावर बसते का आता ती? तब्येत कशी आहे तिची? वाळली का? लेकरू? चालाले लागला म्हणता? मले कोणी सांगतलं नाई, एसटीडीवरून फोन करते तं नुसतं बाबा तुमी कसे, बाबा तुमी कसे करते, पोराचं सांगाले पैसे संपून जाते. धरून धरून चालते, का सोडून? सोडून. वा. अन् काय म्हणे ती... काय वाटले तिनं? पेढे? साऱ्या ट्रकवाल्यायले? चहा बी फुकट पाजला त्या दिवशी. कशाचे पेढे म्हणे?

...हाव.

हाव, बरोबर. बाप बरा झाला म्हणून.

तुमी बी खाल्ला?

...अहो मंग झालं ना. फसले ना तुमी. असं काय पाह्यता, मजाक केली मी. बेडकाची केली तशीच. तुमी बेडूक मानला नाई तं म्हटलं आता मोठी फेकून पाहू. खरंच बरा आहे मी. हा पाय तं बसून बसून सुजते, दिवसभर पेटीवर बसल्यावर कोणाचा नाई सुजत. हाताचा भुंगा? तो राह्यतेच हो, एकदा शीर जोडली का ती काई उसवत नाई, बरं झाल्यावर बी भुणभुण करते. नागपूरचा डाक्टर खरा आहे, गोळी खरी आहे. मशिनीवर नाई जात कारण लागतच नाई मशीन. तुमाले कोणीच सांगतलं नाई का तिथं, का रक्षाचा बाप लय फेकाड्या आहे म्हणून? ती सांगतच असन. सांगते ना? पाहा. मंग. फेकाड्याचं काय मनावर घ्याचं.

नाई मानत? थांबा. इकडं पाहा. हा गिलास. हा तुमच्याच माठातला, लाल फडक्यावाला, काठोकाठ भरला, पाहून घ्या. गुर्दे गेलेला माणूस असा पेईन का? असा...

...

...अजून आहे बुडाशी, थांबा.

...

पाह्यलं? संपला. उलटा करून दाखवतो. थेंब नाई. ...लय थंड आहे हो हे. दौलतरावानं माठ चांगले आणले ह्या सालचे. दातात कळ गेली. दुसरा भरतो. तुमाले खात्री झाली पाह्यजे ना पक्की. तुमी बोलू नका, फक्त पाहा.

...

हं. आता तिले सांगजा. दुसरं काई नाई सांगाचं, पाय नाई, जास्वंद नाई, त्या पोरा डाक्टरचं तं अजिबात नाई. एवढंच सांगजा का रक्षाताई, तुमचे बाबा देवळीच्या पाणपोईवर भेटले, अन् माह्यासमोर दोन गिलास पाणी पेले, आवाज करून, अन् मिशा पुसल्या. हे खरंच आहे, तुमच्या डोळ्यानं पाह्यलं, तुमाले खोटं बोलाचं कामच नाई. सांगसान ना? नुसती मान नका हालवू. मान दोन्हीकडं हालते माणसाची.

ती पाहा धूळ. आली गाडी. वर्ध्यात उतरून आर्वीची पकडजा, ती कारंज्याले नेऊन सोडते. उठा, जागा नाई भेटणार मंग. पिशवी घ्या. ...उभे काऊन आहात? चढा ना बाप्पा, कंडक्टर घंटी देते. मले धरून काय करता, मी नाई येत कुठं, मले इथं माणसायले पाणी द्याचं आहे.

गिलास ठेवा तिथं. मी विसळतो. जा तुमी.